चौकटीबाहेरची खुर्ची

समोरच्या खानोलकर वहिनींचा फोन आला तेव्हा मी वरणाचा कुकर लावत होते. "वासंती, अगं तुझ्या ड्राइव्हवेत ती वरची मुलगी गाडीत बसून ढसाढसा रडतीय. काचा बंद आहेत. मी नाइन-वन-वनला कॉल करू का?"

मी गॅस बंद केला आणि ओल्या हातांनीच बाहेर धावले. हॅटी खरोखर रडत होती. नाक लाल झालं होतं, खांदे गदगदत होते, आणि स्टिअरिंगकडे बघून ती पुन्हा पुन्हा विचारत होती, "तू त्याला का सांगितलंस? मी तुझं काय वाईट केलं होतं?" कोण गेलं, काय झालं, हिचं इथे आहे तरी कोण, सगळं एकदम मनात आलं. मी काच ठोठावली. तिनं काच खाली केली, टिशूनं नाक पुसलं आणि हसून म्हणाली, "मावशी, मी चौथ्या पानावर आहे. एवढं झालं की येतेच. चहा टाकतेयस का?"

मी तिथेच उभी राहिले. तिच्या रडण्याचा जेवढा धक्का बसला त्याहून जास्त ते थांबण्याचा बसला. गालावरचं पाणी वाळलं नव्हतं आणि ही चहाची चौकशी करत होती. घरात येऊन मी वहिनींना फोन केला, "काही नाही हो, पाठांतर चाललंय." वहिनींचा त्यावर अजूनही विश्वास बसलेला नाही.

हॅटी म्हणजे इंग्लंडहून आलेली नटी, वय पंचविशीच्या आसपास. माझी मुलगी मुग्धा नोकरीसाठी सिॲटलला गेल्यावर आमच्या पिस्कॅटवेच्या घरात वरची खोली रिकामी पडली होती, तिथे ही भाड्यानं राहायला आली. न्यूयॉर्कमध्ये जागा परवडत नव्हती आणि इथून ट्रेननं तिथे जाता येतं, एवढ्यावर आमची गाठ पडली. ती इंग्लंडची आहे हे मात्र आम्हाला आधी कळलंच नाही. ती आली, खोली पाहिली, दोन वाक्यं बोलली, आणि शरद, म्हणजे माझा नवरा, मला हळूच म्हणाला, "इथलीच, मिडवेस्टची आहे. साधी मुलगी वाटते." इतकी वर्षं या देशात काढल्यावर आपल्याला माणसाच्या बोलण्यावरून त्याचं गाव सांगता येतं, असा त्याचा दावा होता. मग तिनं करारासाठी पासपोर्ट पुढे केला. तो ब्रिटिश होता. शरदनं तो उलटसुलट करून पाहिला आणि माझ्याकडे दिला. मला वाटलं, ही कुणाचा तरी पासपोर्ट घेऊन फिरतेय.

"पण तू बोलतेस तर आमच्या पोस्टमनसारखी," मी म्हटलं.

"कामासाठी शिकले," ती म्हणाली. "मध्येच बंद केलं की पुन्हा चालू करायला त्रास होतो. म्हणून चालूच ठेवते."

मला हे फार विचित्र वाटलं. सकाळी दात घासताना, फ्रिजमध्ये लोणचं शोधताना, ठेच लागल्यावरसुद्धा ही मुलगी परक्या देशाच्या उच्चारात बोलायची. आता आपणही काही कमी नाही म्हणा. शरद इन्शुरन्सवाल्यांना फोन लावतो तेव्हा तो शरद राहत नाही, 'शॅरड' होतो, आणि फोन ठेवला की पुन्हा नाशिकचा. पण आपल्याला फोन ठेवता येतो. हॅटीनं तो कधी खाली ठेवलेला मी पाहिला नाही. तिचा खरा आवाज कसा आहे, हे कितीतरी महिने एका घरात राहून मला ठाऊक नव्हतं.

तिची हकीकत तिनं मला तुकड्यातुकड्यानं सांगितली, बहुतेक वेळा टोस्टवर लोणी आणि त्यावर माझं लिंबाचं लोणचं फासताना. इंग्लंडच्या उत्तरेकडे समुद्रकाठचं लहानसं गाव. घरात ती आणि आई, दोघीच. आई शाळेसमोर रस्त्यात उभी राहून मुलांना पलीकडे पोचवायचं काम करायची. हातात गोल पाटीची काठी, अंगात पिवळा कोट. प्रत्येक मुलाला थांबवून ती विचारायची, "कोट घातलास ना?" नसेल तर दप्तरातून काढायला लावायची. हॅटीला शिष्यवृत्ती मिळून ती लंडनला अभिनय शिकायला गेली. शिक्षण संपता संपताच एका इंग्लिश मालिकेत विषप्रयोगानं मरणारी मोलकरीण झाली, आणि ते मरण इतकं बरं वठलं की अमेरिकेतल्या कुणीतरी तिला बोलावलं. इथे कॅन्ससच्या शेतावरची मुलगी म्हणून तिला मोठं काम मिळालं. उच्चार शिकवणाऱ्या बाईनं बजावलं होतं, उठल्यापासून झोपेपर्यंत असंच बोलायचं, आईशीसुद्धा. ती मालिका एका मोसमात बंद पडली. बोलणं तेवढं राहिलं.

ती व्हिसावर आहे हे कळल्यावर शरदला ती एकदम घरातली वाटायला लागली. आमच्या पिढीतल्या पुरुषांना व्हिसा हा विषय दिला की दुसरं काही लागत नाही. "एक्स्टेन्शन फाइल केलंस का? पेंडिंग असताना देशाबाहेर जाऊ नकोस हं, मग रिएंट्रीचा सगळा घोळ होतो," असं तो तिला दर आठवड्याला सांगायचा आणि ती दर आठवड्याला नव्यानं ऐकल्यासारखं ऐकायची. तिला त्याची गंमत वाटायची. मला मावशी म्हणायला ती खानोलकरांच्या नातवंडांकडून शिकली, पण शरदला मात्र शरदच म्हणायची.

आता खुर्चीबद्दल सांगते.

हल्ली नटांना ऑडिशनला बोलावत नाहीत. घरीच व्हिडिओ करून पाठवा म्हणतात. त्याला 'टेप' म्हणायचं. आमच्या बेसमेंटमध्ये हॅटीनं करड्या रंगाचा पडदा लावला, समोर तिकाटण्यावर फोन, शेजारी गोल दिवा. पडद्यासमोर ती उभी राहणार, आणि फोनच्या अगदी बाजूला, चौकटीच्या बाहेर, एका माणसानं बसून समोरच्या पात्राचे संवाद वाचायचे. त्या माणसाचा फक्त आवाज येतो, तो दिसत नाही. हॅटीला असा माणूस हवा होता.

शरदनं लगेच हात वर केला. मंडळाच्या गणेशोत्सवात तो दरवर्षी नाटकात असतो. मंडळाच्याच जुन्या घडीच्या खुर्चीवर तो घसा खाकरून बसला. पात्र होतं पोलीस अधिकाऱ्याचं, दोनच ओळींचं. शरदनं त्या दोन ओळींत एवढा जीव ओतला की हॅटी आपलं वाक्य विसरून त्याच्याकडे बघत राहिली. दुसऱ्यांदा तो बोलता बोलता उठून चौकटीत आला. तिसऱ्यांदा त्यानं टेबलावर मूठ आपटली आणि फोन खाली पडला. हॅटी त्याला म्हणाली, "शरद, तुझा आवाज अप्रतिम आहे, पण अशानं हे काम तुलाच मिळेल." ही दाद आहे असं समजून तो खूश होऊन वर गेला, आणि तिनं मला बोलावलं.

मी आयुष्यभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम केलं. रिपोर्टमध्ये काही गंभीर निघालं की वॉर्डमध्ये फोन करून सांगायचं, तेही न घाबरता, न घाबरवता. कुणाचा जीव टांगणीला लागलाय हे माहीत असूनही मी भाजीचा भाव सांगावा तसे आकडे सांगत आले. तसंच मी ते संवाद वाचले. हॅटीचे डोळे चमकले. "हेच," ती म्हणाली. "मावशी, असंच. अभिनय करायचा नाही. जस्ट रीड."

त्या खुर्चीवर बसून मी मग काय काय झाले. खुनी झाले, वकील झाले, घोडे विकणारा म्हातारा झाले, तिला सोडून जाणारा प्रियकरही झाले. "आय नेव्हर लव्हड यू," हे मी माझ्या नाशिकच्या उच्चारात, चष्मा सावरत, सपाट आवाजात तिला सांगितलं, आणि माझ्यासमोर दोन हातांवर त्या मुलीचा चेहरा असा कोसळला की मला ते वाक्य परत घ्यावंसं वाटलं. ती प्रत्येक वेळी वेगळी असायची. केस वेगळे, उभं राहणं वेगळं, बोलणं वेगळं. कधी टेक्सासची, कधी आयर्लंडची, कधी बॉस्टनची. मी तीच. टेप चालू असताना वर कुकरची शिट्टी झाली तर सगळं वाया जायचं, म्हणून आमच्या घरी जेवणं उशिरा व्हायला लागली. काही चुकलं की ती म्हणायची, "गोइंग अगेन." सेटवर दिग्दर्शक म्हणतात तसं. टोस्ट जळला तरी गोइंग अगेन, ट्रेन चुकली तरी गोइंग अगेन. एखादं काम अगदी हातात येऊन गेलं की दोन दिवस ती जिन्यावर बसून राहायची, आणि तिसऱ्या दिवशी बेसमेंटमधून हाक यायची, "मावशी, गोइंग अगेन."

टेप झाली की ती दोन ठिकाणी पाठवायची. एक तिच्या एजंटकडे आणि दुसरी आईकडे.

आई विसरायला लागली होती. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग शेजारी. गावातल्याच एका केअर होममध्ये तिला ठेवलं होतं. तिथली एक सेविका दुपारच्या चहानंतर टॅब्लेटवर हॅटीच्या टेप लावून द्यायची. हॅटी एकदा भांडी पुसता पुसता मला म्हणाली, "मला कामं मिळत नाहीत याची भीती नाही वाटत मावशी. ती मला विसरेल, एवढीच भीती वाटते. माझा चेहरा रोज तिच्यासमोर गेला तर नाही ना विसरणार?" मी लॅबमध्ये होते, डॉक्टर नव्हे, तरी या दुखण्याबद्दल मला जे माहीत होतं ते मी त्या वेळी बोलले नाही. रोज दिसलीस तर बरंच आहे, म्हटलं.

फोनवर त्यांचं जे थोडंफार बोलणं व्हायचं त्याच्या शेवटी आई, आपण बाळा म्हणतो तसं 'लव्ह' म्हणून, न चुकता विचारायची, "कोट घातलास ना, लव्ह?" जुलैच्या उकाड्यातसुद्धा. आणि हॅटी बाह्या नसलेल्या टी-शर्टमध्ये उभी राहून सांगायची, "घातलाय."

एकदा तिचं काम टीव्हीवर लागणार होतं. शरदनं खानोलकरांना जेवायला बोलावलं, मी बटाटेवडे केले. हॅटी सोफ्यावर मांडी घालून बसली होती. एपिसोड सुरू झाला. जंगल, ओली पानं, कुत्रं भुंकतंय, आणि पानांखाली एक मुलगी मेलेली. ओठ निळे, डोळे उघडे, केसांत माती. कॅमेरा जवळ गेला आणि ती हॅटी होती. मी हॉस्पिटलात मेलेली माणसं पाहिलेली आहेत. ते तसंच होतं. त्यात कुठे काही चुकलेलं नव्हतं, आणि ती हनुवटी तर मी रोज टोस्ट खाताना बघत होते. हातातली ताटली मी खाली ठेवली. खानोलकर वहिनी हॅटीला हात लावून बघत होत्या.

"डोळा एकदा हलला होता," हॅटी वडा खात म्हणाली. "ते त्यांनी नंतर कॉम्प्युटरवर पुसून टाकलं."

"हे तुझ्या आईला पाठवू नकोस," माझ्या तोंडून गेलं.

"छे. तिला फक्त टेप पाठवते. टेपमध्ये मी जिवंत असते."

मग तिला ते काम मिळालं, ज्याच्यासाठी ती इतके दिवस करड्या पडद्यासमोर उभी राहत होती. मोठी मालिका, मुख्य भूमिका, शूटिंग न्यूयॉर्कमध्येच. टेपमध्ये मी तिची आई होते. मुलीला घरातून निघून जायला सांगणारी आई. फोन आला तेव्हा ती जिन्यावर होती. तिनं फोन ठेवला, खाली आली आणि मला घट्ट मिठी मारली. इंग्लिश माणसं अशी मिठी मारतात हे मला नवीन होतं. शरदनं मंडळाच्या ग्रूपवर मेसेज टाकला, 'अवर हॅटी गॉट द लीड.' ती आपली कधी झाली हे कुणी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी तिच्या आईचा वाढदिवस होता. बातमी तोंडानं सांगायची, व्हिडिओवर, असं हॅटीनं ठरवलं. वर मुग्धाच्या खोलीत उजेड बरा नव्हता म्हणून ती बेसमेंटमध्येच बसली. इकडे दुपार, तिकडे संध्याकाळ. तिनं गावाहून आणलेला जुना निळा स्वेटर घातला, केस आई घालायची तशी वेणी घालून बांधले, तोंडाला काही लावलं नाही. मलाही बोलावलं, आईशी ओळख करून देते म्हणाली. मी आपली सवयीनं माझ्या खुर्चीवर, फोनच्या बाजूला बसले.

"मावशी, आज मी माझ्या आवाजात बोलणार आहे," ती म्हणाली, आणि दोन-तीन वाक्यं बोलून पाहिली. थांबली. पुन्हा बोलली. "बरोबर वाटतंय का?"

मी काय सांगणार? तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. मला तो टेपमधल्या एखाद्या इंग्लिश मुलीचा वाटला. तिलाही तसंच वाटत असावं, कारण तिच्या कपाळावर आठी पडली. तेवढ्यात फोन लागला.

पडद्यावर एक नीटनेटकी, पांढऱ्या केसांची बाई आली. हॅटीचीच हनुवटी. मागून सेविकेचा आवाज आला, "बघा कोण आहे, डोरीन."

"हॅलो, मम," हॅटी म्हणाली. "हॅपी बर्थडे."

बाईंनी तिच्याकडे बघितलं आणि फार गोड, परक्या माणसाला हसावं तसं हसल्या. "हॅलो, डिअर. तुम्हाला मी रोज बघते. चहा झाला की. किती छान काम करता तुम्ही."

"मम, मी आहे. हॅटी."

"आज हॅटी का?" त्या कौतुकानं म्हणाल्या. "काल तर पोलीस होतात." मग जरा पुढे वाकून, मन लावून बघत, "अगदी तिच्यासारखं करता हो. स्वेटरसुद्धा तसाच."

मी असं काही आयुष्यात ऐकलं नव्हतं. हॅटीच्या चेहऱ्यावरची एक रेष हलली नाही. ती तशीच हसत बसून राहिली, ओठ थोडे उघडे, आणि मला पानांखालची मुलगी दिसली. मला राहवेना. "हॅटी, अगं तिला लहानपणचं काहीतरी सांग," मी इंग्रजीतच बोलले, अगदी हळू.

बाईंनी मान वळवली. हॅटीवरून त्यांची नजर निघाली आणि चौकटीच्या कडेकडे, जिथे मी त्यांना दिसत नव्हते तिथे, येऊन थांबली. सगळा चेहरा बदलला. त्या परक्या हसण्याच्या जागी घरचं माणूस भेटल्याचा उजेड आला.

"आहेस होय तू," त्या म्हणाल्या. "मला वाटलं आज येत नाहीस. कोट घातलास ना, लव्ह?"

मग सेविकेनंच, बिचारीनं, चांगली गोष्ट सांगावी तशी सांगितलं, "रोज असंच असतं. टेपमधल्या मुली बदलतात ना, पण बाजूनं बोलणारी, न दिसणारी, ती एकच. ती बोलली की डोरीन म्हणतात, ही माझी मुलगी. तिचंच बोलणं ऐकायला थांबतात त्या."

फोन कसा संपला मला आठवत नाही. मी काही उत्तर दिलं नाही एवढं आठवतं. चौथ्या पानावर हुकमी रडणारी हॅटी रडली नाही. तिनं दिवा बंद केला, तिकाटणं मिटलं, फोन खिशात घातला आणि वर जाऊन टोस्ट लावला. मी तिच्या मागोमाग गेले. मला स्वतःच्या आवाजाची शिसारी आली होती. तोंड उघडलं तर पुन्हा तेच होईल असं वाटत होतं.

"मावशी, बोल," ती टोस्टवर लोणी लावत म्हणाली. "तू न बोलून काय होणार आहे?"

"ती तुला ओळखेल," मी म्हटलं. "समोर गेलीस तर."

मी हे का बोलले कोण जाणे. ती दुसऱ्याच दिवशी निघायचं म्हणाली. शरद हादरला. "अगं पण एक्स्टेन्शन पेंडिंग आहे. आता एक्झिट केलंस तर शूटला परत येता येणार नाही. ते थांबणार नाहीत तुझ्यासाठी. इतकी मेहनत केलीस यार, थोडं प्रॅक्टिकली थिंक कर." तो मराठी-इंग्रजी सगळं एकत्र बोलत होता आणि त्याचे डोळे भरले होते. हॅटीनं या वेळीही नव्यानं ऐकल्यासारखं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी तिच्यासमोर बसते शरद. तिला मला हात लावता आला पाहिजे. तेवढं करून बघते."

आम्ही तिला नेवार्कच्या विमानतळावर सोडायला गेलो. भर उन्हाळा, पार्किंगमध्ये डांबर तापलेलं, आणि हिच्या हातावर जाड लोकरी कोट. आत जाताना तिनं तो अंगात घातला. एजंटनं तिला वाटेत दोनदा फोन केला होता, तो तिनं उचलला नाही. तिची भूमिका मग दुसऱ्या मुलीला मिळाली. मालिका आता लागते, लोक वाखाणतात. ती मुलगी वाईट नाही. मी दहा मिनिटं बघितली आणि बंद केली.

हॅटीचा व्हिडिओ कॉल आला तो काही आठवड्यांनी, दुपारी. मी भाजी चिरत होते. "मावशी, वेळ आहे का?" चेहरा उतरला होता, केस कसेतरी बांधलेले. आई कशी आहे, मी विचारलं. "बरी आहे. माझ्याशी फार चांगली वागते. मी इथे नवीन कामाला लागलेय असं तिला वाटतं." हे तिनं मान खाली घालून सांगितलं. "पण दोन दिवस जेवत नाहीये. मुलगी आली नाही म्हणते. तू वाचशील का?"

तिला काय म्हणायचंय ते मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा सुरी बाजूला ठेवून मी टेबलाशी बसले. तिनं टॅब्लेट उचलून आईसमोर उभा केला. पडद्यावर डोरीनबाई आल्या, मांडीवर ताट, गळ्याभोवती रुमाल. माझा चेहरा त्यांनी पहिल्यांदाच बघितला. सत्तरीकडे झुकलेली, सावळी, चष्मेवाली बाई. आता तरी यांना कळेल असं मला वाटलं, आणि खरं सांगते, कळावं अशी मी प्रार्थना करत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नसावं. त्या मागे टेकून नुसत्या ऐकायला बसल्या होत्या.

हॅटी चौकटीच्या बाहेर बसली. तिचा फक्त हात दिसत होता, ताटाच्या कडेला, चमचा धरलेला. तिनं हळूच एक वाक्य सांगितलं आणि मी ते वाचावं तसं म्हटलं, "हॅलो, मम. मला आज उशीर झाला."

"काही हरकत नाही, लव्ह. आलीस ना."

"मला छान काम मिळालं, मम. मोठं काम."

"मला माहीतच होतं," बाई म्हणाल्या, आणि पुढे आलेला चमचा त्यांनी न बघता तोंडात घेतला. मग दुसरा घेतला. हॅटी सांगत होती, मी म्हणत होते, आणि त्या जेवत होत्या. समुद्राच्या भिंतीवरून चालायचं, पावात घालून खायचे तळलेले मासे, पिवळ्या कोटाची बटणं, सगळं हॅटीचं लहानपण माझ्या तोंडून त्यांच्याकडे जात होतं. ताट संपत आलं तेव्हा त्यांनी ओठ पुसले आणि पडद्याकडे बघून विचारलं, "कोट घातलास ना?"

हॅटीनं या वेळी काही सांगितलं नाही. मी वाट बघितली. चमच्याचा हात ताटावर तसाच थांबला होता, आणि त्या हातावर, त्या बंद खोलीत, लोकरी कोटाची बाही होती. मला हुंदका आला. तो गिळायचा प्रयत्न केला, पण आवाज फुटलाच. डोरीनबाईंच्या कपाळावर काळजीची आठी पडली.

तेव्हा चौकटीच्या बाहेरून आवाज आला. अमेरिकेचा नव्हता, टेपमधला नव्हता, वाढदिवसाच्या दिवशी बेतून काढलेलाही नव्हता. कुठल्यातरी समुद्रकाठच्या गावातला, जाडसर, थकलेला आवाज, मी आधी कधीच न ऐकलेला. आईनं त्याच्याकडे मान वळवली नाही.

"जस्ट रीड, मावशी," तो म्हणाला.

मी चष्मा सावरला. "हो, मम," मी सपाट आवाजात म्हटलं. "घातलाय."